चौथ्या गड्याचे मोल : जागतिक क्रॉस कंट्री शर्यतीची ओळख



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाशी आजवर या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, भाषा आणि सीमाभागातील शिक्षण अशा भारदस्त विषयांची सांगड घातली गेली आहे. यंदा संस्थेने एका निवृत्त व्यायामशिक्षकाला पाचारण केले आणि विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही दिले. मी निवडलेला विषय म्हणजे पुरुषांची जागतिक क्रॉस कंट्री शर्यत. हा विषय काहींना आडवळणाचा वाटेल. परंतु शाळेच्या अंगणात जन्मलेली, जगभर पसरलेली आणि आज आपल्याच शाळांतून हळूहळू मागे पडत चाललेली ही शर्यत आहे. शिक्षणाशी तिचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे, हे दाखविण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

शर्यतीचे स्वरूप

आपल्या परिचयाच्या धावण्याच्या शर्यती आखीव मार्गावर होतात. चारशे मीटरचा लंबवर्तुळाकार मार्ग, सपाट भूमी, चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषा आणि हातात घड्याळ घेतलेले पंच, हे त्यांचे रूप. क्रॉस कंट्री ही माळरानावरची धाव आहे. गवत, चिखल, चढण, उतार, ओढा, वळणे असे जे भूमीवर असेल ते ओलांडत जायचे. जागतिक स्पर्धेत पुरुषांना दीर्घकाळ बारा किलोमीटर धावावे लागे. २०१७ पासून पुरुष आणि स्त्रिया या दोघांसाठीही दहा किलोमीटर हे अंतर ठरले. सामान्यतः दोनेक किलोमीटरची एक फेरी आखतात आणि तीच अनेकदा घ्यावयाची असते.

या शर्यतीत जागतिक विक्रम नावाची गोष्ट नाही. एका गावचा मार्ग दुसऱ्या गावच्या मार्गासारखा नसतो, आणि त्याच गावचा मार्गही पाऊस पडून गेल्यावर कालच्यासारखा राहत नाही. तेव्हा अमक्याने दहा किलोमीटर इतक्या मिनिटांत कापले, या विधानाला येथे फारसा अर्थ उरत नाही. धावपटूची कसोटी घड्याळाशी नसून त्या दिवशीच्या भूमीशी, हवेशी आणि बरोबर धावणाऱ्या माणसांशी असते. सपाट मार्गावर एका लयीत धावण्याची सवय असलेला मोठा धावपटू चिखलात लय तुटली की गोंधळतो. क्रॉस कंट्रीत मुरलेला गडी चढणीवर पाऊल आखूड करतो, उतारावर शरीर सैल सोडतो आणि वेग श्वासावरून मोजतो, घड्याळावरून नव्हे.

आरंभही वेगळा असतो. रुंद मोकळ्या जागेवर शंभराहून अधिक धावपटू एकाच ओळीत उभे राहतात. प्रत्येक देशाला त्या रेषेवर आपापला कप्पा नेमून दिलेला असतो. इशारा होताच सगळा जमाव एकदम सुटतो, कारण काही अंतरावर मार्ग अरुंद होतो आणि जो तेथे मागे सापडला त्याला पुढे वाट मिळणे कठीण जाते. म्हणून आरंभी वेग हवा. परंतु तो वेग अंगावर आला तर शेवटच्या दोन फेऱ्या पाय ओढत काढाव्या लागतात. हा तोल सांभाळणे, हेच या शर्यतीचे पहिले शास्त्र होय.

उगम शाळेत

या धावेचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील निवासी शाळांत झाला. श्रूसबरी आणि रग्बी या शाळांची नावे त्यासाठी विशेष घेतली जातात. खेळ सोपा होता. एकदोन मुलांनी ससा व्हायचे, पिशवीत कागदाचे कपटे घेऊन पुढे पळायचे आणि वाटेत ते कपटे टाकत जायचे. उरलेल्या मुलांनी शिकारी कुत्रे व्हायचे आणि कपट्यांचा माग काढीत शेतांतून, कुंपणांवरून, नाल्यांतून पाठलाग करायचा. १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या टॉमस ह्यूज यांच्या ‘टॉम ब्राऊन्स स्कूल डेज’ या रग्बी शाळेवरील कादंबरीत या खेळाचे वर्णन आहे. आपल्या पिढीतील काहींनी ती इंग्रजीच्या तासाला वाचलीही असेल. इंग्लंडमधील अनेक धावपटूंच्या क्लबांच्या नावांत आजही ससा आणि शिकारी कुत्रे आढळतात, ते या खेळामुळेच. १८६८ मध्ये लंडन येथे स्थापन झालेला ‘थेम्स हेअर अँड हाउंड्स’ हा अशा क्लबांपैकी जुना क्लब होय.

१८७६ साली इंग्लंडची पहिली राष्ट्रीय शर्यत एपिंगच्या अरण्यात घेण्यात आली. त्या दिवशी झाडून सारे धावपटू वाट चुकले आणि शर्यतच रद्द ठरवावी लागली. पुढच्या वर्षी ती पुन्हा नीट भरली. ज्या खेळात मार्ग ओळखणे हाच अर्धा खेळ होता, त्याचा असा आरंभ होणे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

आंतरराष्ट्रीय रूप

२८ मार्च १९०३ रोजी स्कॉटलंडमधील हॅमिल्टन पार्क या घोडदौडीच्या मैदानावर पहिली आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स असे चारच संघ होते. इंग्लंडचा आल्फ्रेड श्रब पहिला आला आणि सांघिक विजयही इंग्लंडचाच झाला. १९०७ मध्ये फ्रान्स या स्पर्धेत आला आणि ही शर्यत ब्रिटिश बेटांबाहेर पडली. फ्रान्सचा झाँ बुएँ १९११, १९१२ आणि १९१३ असा लागोपाठ तीन वर्षे विजयी झाला आणि १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. दोन्ही महायुद्धांच्या काळात स्पर्धा बंद पडली, पण दोन्ही वेळा पुन्हा उभी राहिली. १९६० मध्ये मोरोक्कोचा राहदी बेन अब्देसलाम विजयी झाला आणि आफ्रिकेच्या भूमीवरील देशाचे नाव विजेत्यांच्या यादीत प्रथम आले. १९७३ पासून जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने ही स्पर्धा आपल्याकडे घेतली. त्या वर्षी बेल्जियममधील वारेगेम येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि फिनलंडचा पेक्का पाइव्हारिंटा पुरुषांचा विजेता ठरला.

पहिल्या शर्यतीपासून एक नियम मात्र कायम राहिला. वैयक्तिक विजेता एक, आणि त्याच धावेतून सांघिक विजेता निराळा काढावयाचा. आजच्या माझ्या विवेचनाचा गाभा या नियमातच आहे.

अँटवर्प आणि पॅरिस

क्रॉस कंट्री ऑलिम्पिकमध्ये तीनच वेळा झाली. १९१२ मध्ये स्टॉकहोम, १९२० मध्ये अँटवर्प आणि १९२४ मध्ये पॅरिस. यांपैकी अँटवर्पचे ऑलिम्पिक बेळगावकरांना परके नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून सर दोराबजी टाटा यांनी भारतीय चमू अँटवर्पला पाठविण्यासाठी पुढाकार घेतला. त्या चमूत आपल्या बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनचे अंतर त्यांनी दोन तास पन्नास मिनिटांच्या किंचित वर पुरे केले आणि ते एकोणिसावे आले. युरोपची थंड हवा, अपुरी तयारी आणि परका देश हे सारे लक्षात घेता ही कामगिरी थोर होती. त्याच क्रीडामहोत्सवात फिनलंडच्या पावो नुर्मीने क्रॉस कंट्री जिंकली आणि त्याचाच देशबंधू हेक्की लीमाटाइनेन तिसरा आला.

चार वर्षांनी पॅरिसमध्ये नुर्मी कीर्तीच्या शिखरावर होता. १० जुलै १९२४ रोजी त्याने अवघ्या तासाभराच्या अंतराने पंधराशे आणि पाच हजार मीटरच्या शर्यती जिंकल्या. दोनच दिवसांनी क्रॉस कंट्री होती. त्या दिवशी पारा चाळीस अंशांच्या आसपास गेला होता. मार्ग धुळीचा आणि सावलीविना होता, आणि जवळच्या वीजकेंद्राचा धूर हवेत मिसळत होता. अडतीस धावपटू सुटले, त्यांतील केवळ पंधरा शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचले. कुणी वाटेत कोसळले, कुणी भरकटले. नुर्मी जवळजवळ दीड मिनिटाच्या फरकाने पहिला आला आणि फिनलंडचाच व्हिले रिटोला दुसरा.

सांघिक निकालासाठी तेव्हा प्रत्येक देशाचे पहिले तीन धावपटू धरले जात. पहिला आणि दुसरा क्रमांक हाती असूनही फिनलंडचे सुवर्णपदक तिसऱ्याविना अधांतरी होते. हा तिसरा म्हणजे अँटवर्पला कांस्यपदक मिळविलेला लीमाटाइनेन. उन्हाने त्याचे भान हरपले होते. रेषा थोड्या अंतरावर असताना शर्यत संपली असे समजून तो थांबला. पुढे तो कसाबसा चालत निघाला आणि बाराव्या क्रमांकाने त्याने रेषा ओलांडली. संघ पुरे न झालेल्या देशांचे धावपटू वगळल्यावर सांघिक हिशेबात तो आठवा ठरला. एक, दोन आणि आठ मिळून फिनलंडचे अकरा गुण झाले. अमेरिकेचे चौदा, फ्रान्सचे वीस. चौथा संघ पुरा झालाच नाही. त्या दिवशीच्या हालअपेष्टांनंतर ही शर्यत ऑलिम्पिकमधून काढून टाकण्यात आली, ती आजतागायत परतलेली नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी तिचे रिले रूप सुचविण्यात आले होते, पण ते स्वीकारले गेले नाही.

मला या कथेत नुर्मीइतकाच लीमाटाइनेन महत्त्वाचा वाटतो. १९२० मध्ये तो तिसरा आला तेव्हा त्याला स्वतःचे पदक मिळाले. १९२४ मध्ये तो बारावा आला, आणि त्याच्या त्या बारा क्रमांकामुळे त्याच्या देशाला सुवर्ण मिळाले.

गुणांचे गणित

विद्यार्थ्यांसाठी हे गणित थोडे उलगडून सांगतो. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, पन्नासाव्याला पन्नास. संघाच्या ठरावीक धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज करायची आणि ज्याची बेरीज कमी तो संघ वरचा. पूर्वी जागतिक स्पर्धेत संघातील सहा जण धरले जात. आता पुरुषांच्या शर्यतीत सहा जण धावतात आणि त्यांतील पहिले चार मोजले जातात.

समजा, एका संघाचे गडी पहिले, दुसरे, तिसरे आणि चाळिसावे आले. बेरीज सेहेचाळीस. दुसऱ्या संघाचे आठवे, दहावे, बारावे आणि चौदावे आले. बेरीज चव्वेचाळीस. तिन्ही पदके पहिल्या संघाच्या गळ्यात, पण संघ म्हणून विजय दुसऱ्याचा.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. शर्यतीच्या अग्रभागी माणसे विरळ असतात. पहिल्याने दहा सेकंद अधिक वेग घेतला तरी त्याला फार तर एक गुण वाचविता येतो, बहुधा तोही नाही. मध्यभागी मात्र दाटी असते. तेथे दहा सेकंदांच्या अंतरात दहापंधरा धावपटू मावतात. म्हणून तिसाव्या क्रमांकाच्या आसपास झुंजणारा चौथा गडी शेवटच्या चढणीवर नेट लावतो तेव्हा तो आपल्या संघाचे दहा गुण वाचवू शकतो. प्रेक्षक अग्रभागाकडे पाहत असतात. निकाल पुष्कळदा मागे लागत असतो. पाचवा आणि सहावा मोजले जात नाहीत, तरी ते प्रतिस्पर्धी संघाच्या चौथ्याला मागे टाकून त्याची बेरीज वाढवू शकतात.

हे नुसते पाटीवरचे गणित नव्हे. २०१५ साली चीनमधील ग्वेयांग येथे झालेल्या स्पर्धेत केनियाचा जेफ्री कामवोरोर पहिला आणि त्याचाच सहकारी बेदान कारोकी दुसरा आला. इथिओपियाचे चौघे तिसरे, चौथे, सहावे आणि सातवे आले. त्यांची बेरीज वीस. केनियाच्या चौघांची बेरीजही वीसच भरली. अशी बरोबरी झाली की नियम असा आहे की, ज्या संघाचा शेवटचा मोजला जाणारा धावपटू आधी आला तो संघ विजयी. इथिओपियाचा चौथा सातव्या स्थानी होता. केनियाचा चौथा त्याच्या मागे होता. सुवर्ण इथिओपियाला मिळाले. दोन्ही अग्रस्थाने केनियाच्या हाती असताना जगाचा सांघिक विजेता दोन्ही संघांच्या चौथ्या गड्यांच्या तुलनेवरून ठरला. बरोबरी सुटण्यासाठी नियमकर्त्यांनी पहिल्याकडे न पाहता शेवटच्याकडे पाहिले, यात मला एक विचार दिसतो. संघाची ताकद त्याच्या शेवटच्या कड्यावरून जोखावी, असा तो विचार आहे.

आफ्रिकेचा उदय

१९८१ साली इथिओपियाचा संघ माद्रिदच्या स्पर्धेत उतरला. घोडदौडीच्या त्या मैदानावर इथिओपियाचे धावपटू घोळक्याने सर्वांच्या पुढे निघून गेले. परंतु फेऱ्यांच्या मोजणीत त्यांची गफलत झाली. शेवटची फेरी समजून त्यांनी एक फेरी आधीच सारा जोर लावला. चूक ध्यानात आली तेव्हा पायांतले बळ ओसरले होते. अमेरिकेच्या क्रेग व्हर्जिनने महंमद केदीरला अखेरच्या टप्प्यात गाठून वैयक्तिक विजेतेपद मिळविले. तथापि सांघिक विजेतेपद इथिओपियाचेच ठरले. एकत्र धावलेल्या माणसांची बेरीज त्या चुकीला पुरून उरली.

१९८१ ते १९८५ असा पाच वर्षे सांघिक मान इथिओपियाकडे राहिला. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधील नॉइशाटेल येथे केनियाने तो घेतला आणि २००३ पर्यंत, म्हणजे लागोपाठ अठरा वर्षे, कुणाला हाती लागू दिला नाही. १९८८ मध्ये ऑकलंड येथे पहिल्या नऊ क्रमांकांपैकी आठ केनियाचे होते. सहा जणांची कमीत कमी बेरीज एकवीस होऊ शकते. केनियाची तेवीस झाली. जॉन एन्गुगी पाच वेळा विजेता झाला. पॉल टेर्गाट १९९५ ते १९९९ अशी पाच वर्षे लागोपाठ जिंकला. पुढे इथिओपियाच्या केनेनिसा बेकेलेने २००२ ते २००६ या पाचही वर्षी मोठी आणि छोटी अशा दोन्ही अंतरांच्या शर्यती जिंकल्या आणि २००८ मध्ये मोठी शर्यत आणखी एकदा जिंकली.

हे यश कशामुळे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि त्याचे उत्तर उंचीवरच्या विरळ हवेवर सोडून दिले जाते. उंचीचा लाभ खराच आहे. केनियातील इटेन हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे चोवीसशे मीटर उंचीवर आहे. अशा हवेत वाढणाऱ्या शरीराला प्राणवायूचा काटकसरीने वापर करण्याची सवय लागते. परंतु उंच पठारे जगात इतरत्रही आहेत आणि केनियाची पठारे १९८६ पूर्वीही तेथेच होती. मग त्या सुमारास बदलले काय?

माझ्या समजुतीप्रमाणे व्यवस्था बदलली. माइक कोसगेई या प्रशिक्षकाच्या काळात निवड झालेले धावपटू केनिया पर्वताच्या पायथ्याशी, एम्बूजवळच्या किगारी येथील अध्यापक विद्यालयात शिबिरासाठी एकत्र राहू लागले. पहाटे उठून सारे मिळून धावत. ज्याला संघात शेवटची जागा मिळणार होती तोही जगज्जेत्याच्या खांद्याला खांदा लावून चढण चढे. अव्वल माणसाबरोबर रोज धावणारा दहावा माणूसही अव्वलच्या जवळ पोहोचतो, हे त्या शिबिराचे रहस्य होते.

दुसरे कारण शाळा. इटेन येथील सेंट पॅट्रिक्स हायस्कूलमध्ये १९७६ साली आयर्लंडहून ब्रदर कोल्म ओ’कॉनेल नावाचे भूगोलाचे शिक्षक आले. धावण्याच्या क्षेत्रात त्यांचा पूर्वानुभव नव्हता. मुलांचे निरीक्षण करीत, त्यांच्याबरोबर शिकत त्यांनी प्रशिक्षणाची पद्धत घडविली. १९८८ च्या सेऊल ऑलिम्पिकमध्ये पंधराशे मीटरचे सुवर्ण जिंकलेला पीटर रोनो आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेस जिंकलेला मॅथ्यू बिरिर हे त्याच शाळेचे विद्यार्थी. एका भूगोलशिक्षकाने हे केले, याची नोंद या सभागृहातील शिक्षकांनी अवश्य घ्यावी.

हार आणि परतणे

भूमी आणि हवा कुणाची भीड ठेवीत नाहीत. २००७ साली केनियातील मोंबासा या किनाऱ्यावरील शहरात स्पर्धा झाली. दमट उष्म्यात अनेकांनी शर्यत सोडली. त्यांत अजिंक्य मानला जाणारा बेकेले होता. एरिट्रियाचा झेर्सेनाय टाडेसे त्या दिवशी विजयी झाला.

२०१७ साली युगांडाची राजधानी कंपाला येथे स्पर्धा होती. घरच्या हजारो प्रेक्षकांसमोर युगांडाचा तरुण धावपटू जोशुआ चेप्टेगेई शेवटच्या फेरीपर्यंत पुढे होता. मग एकाएकी त्याचे पाय गळाले. एकामागून एक धावपटू त्याला ओलांडून गेले. तरीही त्याने शर्यत सोडली नाही. डुलत, अडखळत तो तिसाव्या क्रमांकाने पोहोचला. दोन वर्षांनी डेन्मार्कमधील आरहूस येथे शर्यत झाली. तेथील मार्ग मोसगॉर वस्तुसंग्रहालयाच्या गवताने आच्छादलेल्या उतरत्या छपरावरून नेला होता आणि प्रत्येक फेरीत ते छप्पर चढावे लागे. त्या दिवशी चेप्टेगेई पहिला आला आणि त्याचा सहकारी जेकब किप्लिमो दुसरा. युगांडाचे उरलेले दोघे सातवे आणि दहावे. एकूण वीस गुण. युगांडाच्या पुरुष संघाचे हे पहिले सांघिक सुवर्ण. सातव्या आणि दहाव्याचे नाव जगाने लक्षात ठेवले नाही, पण त्यांच्यावाचून ते सुवर्ण घडले नसते.

आपल्या अंगणात

आता आपल्याकडे येतो. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे हा शेतमजुरी आणि वीटभट्टीवरील कामावर गुजराण करणाऱ्या कुटुंबातला मुलगा. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला आणि महार रेजिमेंटमध्ये गेला. सैन्यातील क्रॉस कंट्री शर्यतींतूनच त्याच्यातला धावपटू पुढे आला. तेथून तो तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळविले. १९९८ पासून राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच नेत असे. तो क्रम एका मराठी मुलाने मोडला. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे त्याने आशियाई सुवर्णही जिंकले. अडथळे, पाण्याचा खड्डा आणि तुटणारी लय सांभाळीत पळण्याची स्टीपलचेसची विद्या माळावरच्या धावेतच मुरते.

सैन्याने ही शर्यत का जपली, हे बेळगावात वेगळे सांगावयास नको. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातील जवानांची पहाटेची धाव या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. पलटणीला एकट्या वेगवान जवानाचा उपयोग मर्यादित असतो. सारी तुकडी पोहोचली पाहिजे.

शाळांनी मात्र हे तत्त्व सोडून दिल्यासारखे दिसते. मी ज्या काळात मैदानावर होतो त्या काळात तालुका पातळीवर शाळांचे क्रॉस कंट्रीचे संघ उतरत. पुढे पुढे एकदोन पदकयोग्य मुले निवडून त्यांनाच उतरविण्याची रीत पडली. बाकीच्यांना वेळ देणे परवडत नाही, असे कारण सांगितले जाई. त्याच रीतीने वर्गातही गुणवत्ता यादीतील दोघांकडे शाळेचे डोळे लागले आणि चाळिसाव्या क्रमांकाचा मुलगा हिशेबातून गळाला. मैदानावरची ही रीत आणि वर्गातली ती रीत एकमेकींच्या बहिणी आहेत. ज्या शाळेत चौथ्याला मोल नाही त्या शाळेत पहिलाही शेवटी एकटा पडतो, कारण त्याला रोज खेचणारे, रोज गाठू पाहणारे कुणी उरत नाही.

म्हणून या शाळेपुढे एक साधी सूचना ठेवतो. वार्षिक क्रीडामहोत्सवात एक सांघिक माळधाव असावी. यासाठी सिंथेटिक मार्ग लागत नाही, महागडे साहित्य लागत नाही. चुन्याची फक्की, थोडी निशाणे, सुतळी आणि दीडदोन किलोमीटरची मोकळी भूमी पुरेशी आहे. येळ्ळूरच्या राजहंसगडाचा परिसर असो वा शहराच्या कडेला उरलेले माळ असोत, घरांच्या प्लॉटांनी ते सारे गिळण्यापूर्वी मुलांच्या पायांना त्यांची ओळख व्हावी. प्रत्येक वर्गाचे सहा विद्यार्थी धावावेत, चौघांचे क्रमांक मोजावेत आणि मुलींचा संघ याच नियमाने धावावा. बक्षीस संघाला द्यावे. बरोबरी झाली तर चौथ्याच्या क्रमांकावरून निकाल लावावा आणि का लावला ते प्रार्थनेच्या वेळी सर्वांना समजावून सांगावे.

पालकांनाही एक विनंती. अशा शर्यतीला याल तेव्हा पहिला पोहोचताच टाळ्या वाजवून पाठ फिरवू नका. थोडा वेळ थांबा. तिसावा, पस्तिसावा येणारा मुलगा चिखलाने माखलेला, धापा टाकणारा असेल, आणि त्याच्या वर्गाचा निकाल कदाचित तोच आपल्या पायांनी घेऊन येत असेल.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते गुरुवर्य वर्गातील शेवटच्या बाकापर्यंत शिकविणारे शिक्षक होते, असे त्यांचे अनेक विद्यार्थी सांगतात. त्यांच्या नावे चालणाऱ्या व्याख्यानमालेत शेवटच्या गड्याविषयी चार शब्द बोलता आले, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे.